बागेत करडी खार आली? या चुका टाळा

ब्रिटनमध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसाला बागेत खार दिसली की कौतुकच वाटतं. पाठीवर रामाची बोटं उमटलेली, सेतूला वाळू वाहणारी खार आपल्या मनात असते. ही करडी खार मात्र मूळची उत्तर अमेरिकेतली. 1876 मध्ये चेशरमधल्या हेनबरी पार्कात ती हौसेखातर सोडली गेली. आज इंग्लंडच्या बहुतेक भागांतून तिथली मूळची तांबडी खार दिसेनाशी झाली आहे.

सर्वांत मोठी चूक दयेपोटी होते: पिंजऱ्यात पकडायची आणि गाडीने दूरच्या रानात नेऊन सोडायची. पकडलेली करडी खार सोडणं तिथे गुन्हा आहे, अगदी स्वतःच्या बागेतसुद्धा. शिवाय तिच्या अंगात स्क्विरलपॉक्सचा विषाणू असू शकतो. तिला त्याने सहसा काही होत नाही, पण तांबडी खार साधारण दोन आठवड्यांत मरते. म्हणून पकडलेल्या खारीला वेदना न देता मारण्याची तयारी नसेल, तर पिंजरा लावूच नका. जाणकार माणसाला बोलवा. पिंजऱ्यासकट पिंपात बुडवणं तर क्रूर आहेच, आणि 1996 च्या कायद्यात बुडवून छळण्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

नुसत्या रंगावर जाऊ नका. उन्हाळ्यात करड्या खारीच्या अंगावरही तांबूस झाक येते. शेपटी बघा: करडीच्या शेपटीला पांढरट कड असते. पिंजऱ्यात तांबडी सापडली तर ती संरक्षित आहे, तिला लगेच सोडा.

पक्ष्यांसाठी दाणे उघड्यावर ठेवू नका. जिथे दोन्ही खारी आहेत, तिथे एकाच भांड्यातून रोग पसरतो.

माळ्यावर खुडबुड ऐकू आली की लोक घाईने भोक बुजवतात. वसंतात आत पिल्लं असतात. ती उपाशी मरतात आणि आई बाहेरून लाकूड कुरतडत राहते. आधी आत कोणी नाही याची खात्री करा, मग जाड तारेची जाळी ठोका.

एकट्याने चार खारी मारून थांबण्यातही अर्थ नाही. शेजारच्या झाडीतून दुसऱ्या येतात. मे ते जुलैमध्ये त्या कोवळ्या ओक-बीच झाडांची साल सोलतात, म्हणून वनमालक त्याआधीच, आजूबाजूच्यांना बरोबर घेऊन कामाला लागतात. वेल्समधल्या अँगलसी बेटावर 1998 मध्ये तांबड्या खारी चाळीसेक उरल्या होत्या. पंधराएक वर्षं चिकाटीने करड्या हटवल्यावर आता त्या शेकड्यांनी आहेत. पुलांवरून करड्या परत येऊ नयेत म्हणून समोरच्या किनाऱ्यावरही राखण चालते.