गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी: सेन्सर बदलण्याआधी काय बघाल

साताऱ्यात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. खंबाटकी घाट चढून आलेल्या गाड्यांची एक तक्रार नेहमीची: "चालता चालता बंद पडली, अर्ध्या तासानं आपोआप सुरू झाली." मालकाकडे आधीच्या गॅरेजचं बिल असतं, त्यात दोन-तीन नवे सेन्सर लावलेले, आणि गाडीचं दुखणं तसंच. हे पैसे वाचू शकतात. त्यासाठी गाडी नेमकी कशी बंद पडली, हे मेकॅनिकला सांगता आलं पाहिजे.

आधी जिवाचं बघा. धावती गाडी बंद पडली की स्टिअरिंग जड होतं, फिरतं मात्र. ब्रेकला एक-दोन दाबांपुरता जोर शिल्लक असतो, म्हणून पंपासारखा मारू नका, एकदाच दाबून धरा. चारही इंडिकेटर लावा, डावीकडे घ्या. गाडी थांबेपर्यंत चावी काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होईल.

आता आठवा, बंद पडताना झटके आले का? झटके देत, ताकद कमी होत बंद पडली तर संशय पेट्रोलवर: पंप, फिल्टर, पंपाचा रिले (पंपाला करंट देणारा छोटा विजेचा स्विच). कुणी चावी फिरवल्यासारखी एका क्षणात गप झाली, तर दुखणं विजेचं. त्यातही आरपीएमच्या काट्यावर लक्ष ठेवा. गाडी गिअरमध्ये आहे, क्लच दाबलेला नाही, चाकं इंजिनाला फिरवताहेत आणि काटा मात्र झपकन शून्यावर, म्हणजे बहुतेक क्रँक सेन्सरचा सिग्नल तुटला. क्रँक म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, आणि त्याची स्थिती सांगणारा हा सेन्सर. क्रँक कुठल्या कोनात आहे हे कळलं नाही की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्पार्क आणि इंजेक्शन दोन्ही बंद करतो.

क्रँक सेन्सर इंजिनाला चिकटून बसलेला असतो. त्याच्या आतल्या बारीक तारेला चीर गेली की गरम झाल्यावर ती उघडते, गार झाली की जुळते. म्हणूनच गॅरेजमध्ये आणेपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालते आणि मालकाचं कुणी खरं मानत नाही. मला याचा फार राग येतो. गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं.

पेट्रोल गाडी असेल तर जागच्या जागी एक तपासणी करता येते. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून साधारण दोन सेकंद घूंऽ असा आवाज आला तर पंपाला करंट मिळतोय. आवाज नसेल तर फ्यूज बघा आणि त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून पंपाच्या जागी लावून बघा.

२०१३ नंतरच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांत डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट असतं, त्यातून गाडीचे बिघाडाचे कोड वाचता येतात. साधा ब्लूटूथ स्कॅनरही चालतो. कोड पुसण्याआधी फोटो काढा. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम दीडशे-दोनशेच्या आसपास दिसायला हवा. शून्यच दिसला तर क्रँकचा सिग्नल येत नाही. पी ०३३५ हा क्रँकचा कोड, पी ०३४० कॅमचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या सेन्सरचा. पण कोड त्या सर्किटबद्दल बोलतो. सेन्सर, कपलर (सेन्सरला वायर जोडणारा प्लग), वायर, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची जोडणी) यांपैकी काहीही असू शकतं, आणि इथंच लोक घाईनं नवा सेन्सर आणतात.

म्हणून आधी कपलर काढा. हिरवट गंज, सैल पिन, तेल, पावसाळ्यात शिरलेलं पाणी बघा. उंदरांनी कुरतडलेली वायर तर आमच्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत रोजची. मग इंजिन चालू ठेवून हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हलका हलवा. हलवताना बंद पडलं तर सेन्सरला हातही लावू नका. दोन वायरींचा सेन्सर असेल तर मल्टिमीटरनं ओहम (रेझिस्टन्स) मोजा, एकदा गार असताना आणि एकदा बंद पडल्या पडल्या. गरम असताना रीडिंगच गेलं, तर बदला. तीन वायरींच्या, चुंबकावर चालणाऱ्या हॉल सेन्सरला ही पद्धत लागू नाही. तिथं सप्लाय, अर्थ आणि सिग्नल तपासावा लागतो.

अर्थिंग मात्र कुणीच बघत नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूला, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची पट्टी काढून घासा, नाहीतर बदला. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट हवेत. हेडलाईट, एसी लावल्यावर ते तेराच्या खाली राहिले तर अल्टरनेटर आणि त्याच्या वायरी बघा. व्होल्टेज फारच पडलं की ईसीयू गोंधळतो आणि एकाच वेळी चार-पाच सेन्सरचे कोड दाखवतो. इतके सेन्सर एका दिवशी मरत नाहीत.

फक्त रस्त्यावरच्या ट्रॅफिक सिग्नलला थांबल्यावर, एसी लावल्यावरच बंद पडत असेल तर हा सगळा खटाटोप नको. थ्रॉटल बॉडीतला (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागातला) कार्बन साफ करून घ्या आणि स्कॅनरनं आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, ईसीयूला पुन्हा शिकवून घ्या.

काम झाल्यावर लगेच पैसे देऊन निघू नका. गाडी रेडिएटरचा पंखा दोनदा लागेपर्यंत चालू ठेवा, मग बंद करून गरम असतानाच पुन्हा सुरू करा, आणि एखादा चढ चढवून आणा. काढलेला जुना पार्ट मागून घ्या.