गड्ड्याच्या आधी वेबसाइटची आवराआवर

गड्डा, म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा, जानेवारीत भरतो. माझ्या वेबसाइटची वर्षाची आवराआवर मी त्याआधी, डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी उरकतो. तुमची स्वतःची साइट असेल तर तुम्हीही दिवस ठरवूनच घ्या; ‘बघू सवडीनं’ म्हटलं की ते काम राहतंच.

आधी डोमेन, म्हणजे साइटचं नोंदवलेलं नाव. मुदत कधी संपते, पैसे कुठल्या कार्डातून जातात आणि आठवणीची मेल कुठल्या पत्त्यावर येते, हे लॉगिन करून डोळ्यांनी बघा. माझं डोमेन जुन्या नोकरीच्या मेलवर नोंदवलेलं होतं. नोकरी सुटली, ती मेल बंद झाली, आणि नूतनीकरणाची एकही सूचना माझ्यापर्यंत आली नाही. साइट उघडेना तेव्हा कळलं. नाव परत मिळालं, पण जास्तीचे पैसे मोजून. नोंदणीला स्वतःची मेल द्या, आणि तीही त्याच डोमेनवरची नको. डोमेन गेलं की ती मेलही जाते. एचटीटीपीएसचं (साइटशी सुरक्षित जोडणीचं) प्रमाणपत्र आपोआप नवं होतंय ना, तेही लगेच तपासा.

मग फोटो. माझ्या साइटवर वडिलांनी मागावर काढलेल्या चादरी आहेत. फोनमधला एकेक फोटो पाच-सहा एमबीचा. रुंदी १२०० पिक्सेल करून वेबपी या वेबसाठीच्या हलक्या फोटो-प्रकारात साठवला की दीडशे-दोनशे केबीत बसतो. पण मयूरपंखाच्या नक्षीत लाल-काळ्याची बारीक कड असते. फार दाबलं की ती फिसकटते, म्हणून प्रत्येक फोटो मोठा करून बघतो. मूळ फोटो कधीच पुसत नाही.

मराठी मजकुराकडे खास लक्ष द्या. पानाचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ हवं आणि पानाच्या कोडमधल्या भाषेच्या खुणेत हिंदीची नव्हे, मराठीची नोंद हवी. ज्या फॉन्टात तशी सोय आहे, तिथे या एका नोंदीनं ‘सोलापूर’मधला ल आणि ‘शेंगाचटणी’तला श आपल्या वळणाचा उमटतो. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टातला मजकूर असेल तर तो आताच युनिकोडमध्ये आणा; पुढे तो वाचणारं सॉफ्टवेअर मिळेलच असं नाही.

हत्यारं निवडताना मी एकच बघतो: दोन वर्षं हात लावला नाही तरी साइट पुन्हा उभी राहील का? म्हणून लेख मार्कडाउनच्या (मजकुरात साध्या खुणा घालून लिहिलेल्या) साध्या फायलींत ठेवतो आणि बदलांचा इतिहास गिटमध्ये. लिनक्स या संगणकप्रणालीच्या कामासाठी २००५ साली बनलेलं गिट इंटरनेट नसतानाही चालतं, वीज गेली तरी लॅपटॉपवर नोंद करता येते. या फायलींतून साइटची पानं ह्यूगो नावाचं साधन बांधतं; ते निवडलं, कारण ते अख्खं साधन एकच फाइल असते. शेकडो पॅकेजं (इतरांनी लिहिलेले कोडचे गठ्ठे) ओढून आणणारी साधनं मी एकट्याच्या साइटला लावत नाही, एक पॅकेज बदललं की संध्याकाळ जाते. ह्यूगोच्या कुठल्या आवृत्तीवर साइट बांधली, ते त्याच फोल्डरात लिहून ठेवा. एडिटर कुठलाही चालेल.

बॅकअप आहे, एवढ्यावर थांबू नका. बाहेरच्या डिस्कवरचं फोल्डर बहिणीच्या लॅपटॉपवर उतरवून साइट उभी करून बघा. गेल्या वर्षी मला अशीच फॉन्टची फाइल राहून गेलेली सापडली.

शेवटी एक कागद. डोमेन कुठे घेतलं, होस्टिंग (साइटच्या फायली ठेवायची जागा) कुठे आहे, कुठली मेल, पासवर्ड कुठे ठेवलेत, हे मराठीत लिहून विम्याच्या कागदांसोबत कपाटात ठेवा आणि घरात एकाला दाखवून ठेवा.