आगमनकाळ घरात कसा पाळावा : नाताळाआधीचे चार आठवडे कुटुंबासोबत

डिसेंबर लागला की आमच्या वसईत घराघरांत रंगाचे डबे उघडतात, करंज्यांचे सारण परतले जाते, शिंप्याकडे फेऱ्या सुरू होतात. हे सगळे मला मनापासून आवडते. पण या गडबडीत २४ तारखेच्या रात्री मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या नाताळच्या उपासनेला, पोहोचेपर्यंत घरात एकदाही सगळ्यांनी मिळून प्रार्थना केलेली नसते, असे अनेक वर्षे आमच्याकडे झाले. आता होत नाही. त्यासाठी रोज संध्याकाळी लागतात फक्त दहा मिनिटे. ती कशी घडवायची, ते सांगते.

आधी तारीख पक्की करा

आगमनकाळ, म्हणजे येशूच्या जन्माची वाट पाहायचा काळ, १ डिसेंबरला सुरू होतो असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. संत आंद्रेच्या सणाला, म्हणजे ३० नोव्हेंबरला, सर्वांत जवळचा जो रविवार, तो आगमनकाळाचा पहिला रविवार. २०२६ साली तो २९ नोव्हेंबरला आहे. नाताळ सोमवारी आला तर हा काळ जेमतेम २२ दिवसांचा असतो आणि रविवारी आला तर पूर्ण २८ दिवसांचा. कॅलेंडरवर चारही रविवारांभोवती जांभळे वर्तुळ काढा. आमच्याकडे हे काम धाकट्याचे.

चार मेणबत्त्यांचे चक्र

ही प्रथा जर्मनीतली. १८३९ मध्ये हॅम्बुर्गला योहान विखर्न नावाचे ल्युथरन पाळक गरीब मुलांचे वसतिगृह चालवत. नाताळ कधी येणार, असे मुले रोज विचारत, म्हणून त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावायला सुरुवात केली. पुढे कॅथलिक घरांनी ही प्रथा आपलीशी केली. लेकरांच्या प्रश्नातून जन्मलेली म्हणून ती मला फार जवळची वाटते.

विकतचे चक्र आणायची गरज नाही. स्टीलच्या परातीत ओली वाळू भरा. तिच्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती घट्ट रोवा. जांभळ्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्या मेणबत्त्यांना तळाशी जांभळी फीत बांधा. भोवती हिरवा पाला लावा. सुरूच्या फांद्या सुंदर दिसतात, पण त्या लवकर वाळतात आणि भुरकन पेटतात, म्हणून दर आठवड्याला बदला आणि ज्योतीपासून वीतभर लांब ठेवा. पंखा बंद करा, पडदा बाजूला सारा.

पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, असे वाढवत जा. गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारची, आनंदाच्या रविवारची. पहिली मेणबत्ती घरातल्या सर्वांत लहान मुलाने लावावी, मोठ्याने फक्त हात धरावा. चौथी आजी-आजोबांनी. रविवारीच नव्हे, आठवड्यातल्या रोजच्या प्रार्थनेलाही तेवढ्याच मेणबत्त्या लावायच्या.

दहा मिनिटांची प्रार्थना

वेळ ठरवताना घरातल्या सर्वांत उशिरा येणाऱ्या माणसाचा विचार करा. विरारची लोकल पकडून साडेआठला पोहोचणारा बाबा सातच्या प्रार्थनेला कधीच सापडणार नाही. आम्ही जेवणाआधी नऊची वेळ धरली. ताटे वाढून ठेवायची, मोबाईल दुसऱ्या खोलीत, घरातले दिवे मालवायचे आणि मेणबत्ती लावायची. अंधारात मुले आपोआप शांत होतात.

क्रूसाची खूण, एक छोटे वाचन, प्रत्येकाची एकेक विनंती, प्रभूची प्रार्थना, मग एखादे गीत. बस. सुरुवातीलाच पूर्ण रोझरीचा, म्हणजे मरियेच्या जपमाळेचा, हट्ट धरला तर तिसऱ्या दिवशी मुले पेंगतात. सोमवारी आणि शनिवारी आनंदाच्या रहस्यांपैकी, म्हणजे रोझरी म्हणताना मनात आणायच्या प्रसंगांपैकी, एकच रहस्य घ्या: गब्रिएल दूताचा निरोप, मरियेने एलिझाबेथची घेतलेली भेट किंवा येशूचा जन्म.

वाचनासाठी दोन मार्ग आहेत. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचे, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या कथेचे, २४ अध्याय आहेत, म्हणून १ डिसेंबरपासून रोज एक वाचला तर २४ तारखेला ते पूर्ण होते. किशोरवयीन मुलांच्या घरी हे उत्तम. लहान मुले असतील तर मी दुसरा मार्ग सुचवीन: आठवड्याला एकच उतारा, रोज थोडा थोडा. पहिल्या आठवड्यात यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा नववा अध्याय, अंधारात चालणाऱ्या लोकांना दिसलेला प्रकाश. दुसऱ्यात त्याच पुस्तकाचा चाळीसावा अध्याय, रानातली हाक. तिसऱ्यात लूकचा पहिला अध्याय, चौथ्यात मत्तयच्या पहिल्या अध्यायातले योसेफाचे स्वप्न. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या सुबोध बायबलची मराठी मुलांना अडखळू देत नाही. आणि एखाद्या संध्याकाळी फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणातल्या येशूजन्माच्या चार ओव्या मोठ्याने म्हणून पाहा. १६१६ साली गोव्यात राशोलला छापलेले हे पुराण मराठीत आहे. शब्द जुने वाटतील, पण आजी ज्या चालीत जात्यावर ओव्या म्हणायची, तीच चाल तिथे बसते.

रिकामी गव्हाण

गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, लवकर मांडा, पण त्यात बाळयेशू ठेवू नका. आमच्या आजीने बाळाची मूर्ती कपाटात, तिच्या लुगड्यांच्या घडीत जपलेली असायची. आम्ही येता-जाता गोठ्यात डोकवायचो आणि गव्हाण रिकामीच दिसायची. वाट पाहणे म्हणजे काय, हे मला तिथे कळले.

गोठ्याजवळ पेंढ्याची एक जुडी ठेवा. दिवसभरात कोणासाठी काही चांगले केले तर त्याने एक काडी गव्हाणीत ठेवायची. काय केले ते सांगायचे नाही. हा नियम मोडू देऊ नका, नाहीतर मुले काड्या मोजत बसतात. मोठ्यांनीही काड्या ठेवायच्या.

१२ डिसेंबरच्या रात्री मूठभर गहू किंवा नाचणी भिजत घाला. १३ तारखेला, संत लुसीच्या सणाला, नारळाच्या करवंट्यांत दोन बोटे माती घालून ते दाट पेरा आणि दोन दिवस ओल्या फडक्याने झाका. कोंब दिसले की उजेडात ठेवा आणि रोज हातानेच पाणी शिंपडा. २४ तारखेपर्यंत हिरवेगार गवत तयार होते आणि गोठ्याला प्लास्टिकची हिरवळ लागत नाही. याच दिवशी गहू पेरायची रीत क्रोएशिया आणि हंगेरीतही आहे.

१७ डिसेंबरपासून सात संध्याकाळी

माझ्या मते आगमनकाळाचा सर्वांत सुंदर भाग हा, आणि घरांत तो सर्वांत कमी ठाऊक असलेला. १७ ते २३ डिसेंबर चर्चच्या सायंप्रार्थनेत येशूला रोज एका नव्या नावाने हाक मारतात. हजार वर्षांहून जुनी ही परंपरा. नावे अशी: ज्ञान, प्रभू, इशायचा अंकुर, दावीदची किल्ली, उगवता सूर्य, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. लॅटिनमधल्या या नावांची आद्याक्षरे शेवटाकडून वाचली तर ‘एरो क्रास’ असे शब्द होतात, म्हणजे ‘उद्या मी येईन’.

रोज एका कागदावर त्या दिवशीचे चित्र मुलांना काढू द्या: किल्ली, कोंब, सूर्य, मुकुट. कागद दोरीला अडकवून गोठ्यावर टांगा. प्रार्थना करताना सगळ्यांनी त्या नावाने हाक मारायची आणि शेवटी ‘ये’ म्हणायचे. लहान मूल हे ‘ये’ इतक्या जोरात म्हणते की शेजारच्यांना ऐकू जाते.

फराळ, कन्फेशन आणि शेजार

कुलकुले, म्हणजे नाताळचे तळलेले गोड शिंपले, वळायला सगळ्यांना बसवा. काट्याच्या चमच्यावर पिठाची गोळी दाबून गुंडाळायचे काम पाच वर्षांच्या मुलालाही जमते. आम्ही पहिल्या घाण्याच्या वेळी रोझरीची एक दशकी, म्हणजे दहा मण्यांचा जप, म्हणतो. पहिला डबा भरायचा तो आजारी शेजाऱ्यासाठी किंवा एकट्या राहणाऱ्या वृद्धासाठी, आणि तो मुलांनी नेऊन द्यायचा.

कन्फेशनला, म्हणजे फादरांकडे पापांची कबुली द्यायला, २३-२४ तारखेची रांग टाळा. तिसऱ्या रविवारच्या आसपास सगळे मिळून जा. जाण्याआधी घरात एकमेकांची क्षमा मागा. नवरा-बायकोने मुलांसमोर मागितली तर फार चांगले.

२४ डिसेंबरची रात्र

मध्यरात्रीच्या मिस्साहून परत आल्यावर दिवे लावू नका. चारही मेणबत्त्या पेटवा. सर्वांत लहान मुलाच्या हातात बाळयेशू द्या, त्याने तो गव्हाणीतल्या काड्यांवर निजवावा. मग गीत, मग दिवे, मग केक.

गोठा २६ तारखेला आवरू नका. नाताळकाळ जानेवारीतल्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. तोवर करवंट्यांतले गवत पिवळे पडू लागते. ते मातीसकट कुंडीत उलटे करा, आणि बाळाची मूर्ती पुन्हा आजीच्या लुगड्यात गुंडाळून ठेवा.