कोल्ड कॉलिंग अजून चालतं का? आधी हिशोब मांडा, मग नंबर लावा

कोल्ड कॉलिंगचे, म्हणजे ओळख नसलेल्या माणसाला फोन लावून माल विकायचे दिवस गेले असं सगळेच म्हणतात, आणि पटतंही, कारण अनोळखी नंबर दिसला की आपण स्वतःच तो वाजू देतो नाहीतर कट करतो. ट्रूकॉलर आधीच स्पॅम म्हणून दाखवतं, आयफोनमध्ये तर 2019 पासून अनोळखी नंबर परस्पर गप्प करायची सेटिंग आहे. मग फोन बंदच करायचा का? माझं मत, नाही. सरसकट सगळ्यांना फोन लावायचं बंद करा, निवडक लोकांना चालू ठेवा.

आधी हिशोब करा. समजा दिवसाला 60 नंबर लावले, 8 जणांनी उचलला, 2 जण नीट बोलले आणि असं दोन आठवडे केल्यावर एक गिऱ्हाईक पक्कं झालं (आकडे उदाहरणापुरते, तुमचे तुम्ही काढा). आता त्या दोन आठवड्यांचा पगार आणि फोनचा खर्च त्या एका विक्रीत सुटतो का? मशीन, कंपनीला लागणारं सॉफ्टवेअर, वर्षाचं मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट असलं काही विकत असाल तर बऱ्याचदा सुटतो. घरगुती किरकोळ वस्तू असेल तर जवळपास कधीच नाही, तिथे जाहिरातच परवडते.

नियम पण बघा. अमेरिकेत विक्रीचे फोन नको असणाऱ्यांची डू नॉट कॉल यादी 2003 पासून आहे, भारतात त्यासाठीच डीएनडी आहे, जर्मनीत तर सामान्य ग्राहकाने आधी स्पष्ट संमती दिल्याशिवाय विक्रीचा फोनच करता येत नाही. आणि एआयच्या आवाजात हजारो कॉल सोडायची आयडिया डोक्यात असेल तर, 2024 मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने (तिथली दूरसंचार नियामक संस्था) असे कॉल रोबोकॉलच्याच, म्हणजे मशीनने लावलेल्या रेकॉर्डेड कॉलच्याच कायद्यात बसवलेत, म्हणजे परवानगी नसेल तर बेकायदा.

नंबरांची तयार यादी विकत घेऊ नका प्लीज. त्यातले बरेच लोक नोकरी सोडून गेलेले असतात आणि उरलेल्यांना तीच यादी घेतलेल्या बाकीच्यांनी आधीच पिडलेलं असतं. स्वतः तीस-चाळीस नावं काढा, आणि प्रत्येकापुढे "यालाच का" याचं एक वाक्य लिहा. नवीन ब्रांच उघडली, भरती चालू आहे, काहीही. वाक्य सुचत नसेल तर ते नाव खोडा.

आता मुख्य गोष्ट, पहिले दहा सेकंद. "कसे आहात सर?" असं अनोळखी माणसाने विचारलं की समोरचा लगेच ओळखतो की हा काहीतरी गळ्यात मारणार. त्यापेक्षा सरळ सांगा, "नमस्कार, मी अमुक कंपनीतून बोलतोय, आपली ओळख नाही आणि फोन विक्रीचाच आहे. तुम्ही दुसरं गोडाऊन घेतलंय म्हणून केला, अर्धा मिनिट बोलू का?" काहीजण नको म्हणतील, म्हणू द्या, पण जे हो म्हणतात ते खरंच ऐकतात. ऑटो डायलर वापरू नका, तो एकाच वेळी अनेक नंबर लावतो आणि जो उचलेल त्याला तुमच्याशी जोडतो, त्यामुळे हॅलो म्हटल्यावर पलीकडे क्षणभर शांतता असते, आणि तिथेच माणूस फोन ठेवून देतो.

फोनवर विकायला जाऊ नका. पुढची वेळ ठरली, पंधरा मिनिटांची का होईना, की काम झालं. "मेल करून ठेवा" हे बहुतेक वेळा सभ्य भाषेतलं नाहीच असतं, तेव्हा एकच विचारा, "पाठवतो, पण त्यात नक्की काय बघायला आवडेल?" उत्तर आलं तर गाडी पुढे जाते, नाही आलं तर मेलचे कष्ट वाचले.

रोज शीटमध्ये लिहा, किती लावले, किती उचलले, किती वेळा पुढची तारीख मिळाली. महिनाभर करूनही तारखाच मिळत नसतील तर आवाज, स्क्रिप्ट यात डोकं घालण्याआधी यादी बदला. आणि कोणी परत फोन करू नका म्हणालं तर त्याच्या नावापुढे तिथल्या तिथे तसं लिहून ठेवा, नाहीतर तीन महिन्यांनी टीममधला नवीन पोरगा तीच शीट उघडतो आणि नेमका त्यालाच फोन लावतो.