फी शून्य, तरी खर्च वीस लाख: जर्मनीतलं विद्यापीठ निवडताना

सांगलीत एका सरकारी बँकेच्या कर्जविभागात माझी नोकरी झाली. शिक्षणकर्जाला आलेले आईवडील खुर्चीत टेकायच्या आधीच सांगायचे, "मॅडम, जर्मनीत फी नसते, त्यामुळे फार काही लागणार नाही." मी ऑफर लेटर उघडायचे, तर आत वर्षाला बारा हजार युरो फी! आता माझी लेक पूर्व जर्मनीतल्या माग्डेबुर्गला मास्टर्स करून तिथेच नोकरीला लागली आहे आणि ओळखीतली पोरं माझ्याकडे कागद घेऊन येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

फी किती हा प्रश्न नंतर. आधी बघायचं की घरातून एकूण किती पैसे जाणार आणि केव्हा जाणार.

सगळ्यात आधी विद्यापीठ सरकारी आहे की खासगी ते तपासा. जर्मनीत ‘राज्यमान्य’ अशी पाटी खासगी संस्थांनाही लागते, त्यामुळे तेवढ्या शब्दावर भुलू नका. होखशूलकोम्पास नावाची तिथल्या सगळ्या विद्यापीठांची अधिकृत सूची आहे. त्यात प्रत्येक संस्थेपुढे ती सार्वजनिक, खासगी की चर्चची, हे लिहिलेलं असतं. कोर्स शोधायला डाडची (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांसाठी काम करणारी जर्मन संस्था) साइट चांगली. तिथे इंग्रजी माध्यम आणि ‘फी नाही’ हे दोन फिल्टर लावले की यादी बरीच आटोपशीर होते. बहुतेक कन्सल्टंटच्या यादीत खासगी संस्था वर का असतात, हे सांगायला नकोच. सरकारी विद्यापीठं सहसा कमिशन देत नाहीत. कन्सल्टंटकडे जायचं तर जा, पण "या विद्यापीठाकडून तुम्हाला काही मिळतं का?" एवढं तोंडावर विचारा आणि मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघा.

सरकारी म्हणजे फी नाहीच, असंही नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं. श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, मानहाइम ही सगळी त्याच राज्यातली. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो लावले आहेत. आणखी एक खाचखळगा आहे. काही कोर्स सरकारी विद्यापीठाच्या नावाने चालतात, पण चालवते त्यांची वेगळी अकादमी, आणि तिथे भरपूर फी असते. आखेनच्या सरकारी टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या नावावर चालणाऱ्या इंटरनॅशनल अकादमीचे कोर्स असेच आहेत. म्हणून विद्यापीठाचं नाव वाचून थांबायचं नाही, कोर्सच्या पानावर फीची ओळ शोधायची.

जिथे फी नाही तिथेही दर सेमिस्टरला वर्गणी असतेच, साधारण शंभर ते चारशे युरो. ती वाया जात नाही. बऱ्याच ठिकाणी प्रवासाचं सेमिस्टर तिकीट तिच्यातच येतं आणि कॅन्टीनमध्ये जेवण स्वस्त पडतं.

आता हिशेब. मिरजेच्या एका मेकॅनिकलच्या पोराच्या हातात तीन पर्याय होते: बर्लिनची एक खासगी संस्था, श्टुटगार्ट आणि माग्डेबुर्ग. कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर आम्ही दोन वर्षांचे आकडे मांडले. बर्लिनला फी २४,००० आणि राहणं-खाणं महिना ११०० धरून २६,४००, म्हणजे पन्नास हजार युरोंच्या वर. श्टुटगार्टला फी ६,०००, वर्गणी १,२०० आणि महिना १०५० धरून २५,२००, एकूण ३२,४००. माग्डेबुर्गला फी नाही, वर्गणी १,२००, महिना ८५० धरून २०,४००, एकूण २१,६००. युरो शंभर रुपयांचा धरला तर पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात जवळजवळ एकोणतीस लाखांचा फरक. दहा टक्के व्याज आणि पंधरा वर्षांची मुदत धरली तर कर्जाच्या दर लाखाला अकराशेच्या आतबाहेर हप्ता बसतो. पन्नास लाखांना चोपन्न हजार, महिन्याला! पोराचे वडील एसटीत. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

बर्लिनवर तिथल्या तिथे काट मारली. श्टुटगार्टवर मात्र मी लगेच काट मारू दिली नाही. तिथे गाड्यांचे कारखाने, त्यांना माल पुरवणाऱ्या कंपन्या, त्यामुळे शिकता शिकता कंपनीत अर्धवेळ काम मिळण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या वर्षी महिना आठशे युरो हाती आले तर वर्षाचे ९,६०० वजा होतात आणि श्टुटगार्टचा खर्च माग्डेबुर्गच्या शेजारी येऊन बसतो. पण ही कमाई ‘मिळाली तर’च्या खात्यातली. कर्ज ठरवताना ती शून्य धरायची, ही माझी बँकेतली सवय. मुलगा शेवटी माग्डेबुर्गला गेला.

पूर्वेकडची केम्निट्स, इल्मेनाउ, फ्रायबेर्ग, कॉटबुस ही गावं अशीच स्वस्त. तिथली विद्यापीठं सरकारी, आणि इंजिनिअरिंगला चांगली. मराठी घरांतून त्यांची नावं ऐकू येत नाहीत, कारण जगाच्या रँकिंगमध्ये ती वर नसतात. रँकिंग बघू नका असं मी म्हणत नाही. सरकारी परदेश शिष्यवृत्ती घेणार असाल तर बघावंच लागेल. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, तिला रँकिंगची अट आहे. पण स्वतःच्या पैशाने किंवा कर्जाने जाणाऱ्याने रँकिंगपेक्षा घरभाडं आणि आसपासचे कारखाने आधी बघावेत. छोट्या गावाचा तोटाही सांगून ठेवते. तिथे नुसत्या इंग्रजीवर सहसा काम मिळत नाही. बी-वन पातळीची, म्हणजे रोजचं बोलणं जमेल इतपत, जर्मन येत असेल तर गोष्ट वेगळी. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये निघायच्या आधीच शिकून घ्या. तिथे गेल्यावर थिसिस आणि थंडी यांतून वेळ मिळत नाही, असं लेक म्हणते.

प्रवेश मिळेल का, हे घरी बसून बऱ्यापैकी कळतं. जर्मन गुणपद्धतीत १ सर्वांत चांगला आणि ४ काठावर पास. आपला सीजीपीए १० पैकी ७.८ असेल आणि पास होण्याची मर्यादा ४ असेल, तर १० मधून ७.८ वजा करा, उरलेल्या २.२ ला ६ ने भागा, ३ ने गुणा आणि १ मिळवा. उत्तर २.१. बऱ्याच कोर्सना २.५ पर्यंत चालतं. पण अर्ज नाकारले जातात ते गुणांपेक्षा विषयांवरून. गणिताचे इतके क्रेडिट, कंट्रोल सिस्टिमचे इतके, अशी यादी कोर्सच्या नियमावलीत असते. सिव्हिलवाल्याने डेटा सायन्सला अर्ज करण्याआधी ती यादी आपल्या मार्कशीटशेजारी ठेवून एकेक विषय टिक करावा. कंटाळवाणं काम आहे, पण अर्जाचे पैसे वाचतात. युनि-असिस्टमार्फत (बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज घेऊन तपासणारी संस्था) पहिला अर्ज ७५ युरोंचा आणि त्याच सत्रातला पुढचा प्रत्येक ३० चा. वीस ठिकाणी अंदाजपंचे अर्ज टाकणारी पोरं मी बघितली आहेत. पाच-सहा नीट निवडलेले पुरतात.

पैसे केव्हा जातात ते आता बघा, कारण आईवडिलांची धावपळ इथेच होते. व्हिसासाठी एका वर्षाचा राहण्याचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे जवळजवळ बारा लाख, एकरकमी. तिथे पोचल्यावर त्यातूनच महिन्याला ९९२ युरो मिळतात. म्हणजे हा वेगळा खर्च नव्हे, वरच्या हिशेबातलाच पहिला हप्ता आहे. फक्त तो विमानात बसायच्या आधी लागतो.

बारा लाख कर्जाने उभे करायचे तर सरकारी बँकेत साधारण साडेसात लाखांच्या वर तारण मागतात. इथे आपल्याकडची मंडळी सात-बारा पुढे करतात. शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत. हप्ते थकले तर सरफेसी कायद्याखाली (बँकेला तारण जप्त करून विकू देणारा कायदा) तिच्यावर कारवाई करता येत नाही, म्हणून. फ्लॅट, एनए प्लॉट किंवा मुदत ठेव चालते. घर आजोबांच्या नावावर असेल तर वारसनोंद आधी करून घ्या, तिला महिने लागतात. पैसे पाठवताना एका आर्थिक वर्षात एका पॅनवर दहा लाखांच्या वर गेलात की बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते (ही मर्यादा एप्रिल २०२५ पासूनची). शिक्षणकर्जाचे पैसे असतील तर कापत नाही. स्वतःचे असतील तर रिटर्न भरताना ते वळते करून घ्या. तो बुडालेला पैसा नव्हे.

पोचल्यावरचे तीन खर्च यादीत धरायला लोक विसरतात. खोलीची अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते. आरोग्यविमा महिन्याला १४०-१५० युरो, आणि वयाची तिशी ओलांडली की विद्यार्थ्यांचा हा सवलतीचा दर मिळत नाही. नोकरी सोडून उशिरा जाणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावं. तिसरा खर्च रेडिओ-टीव्हीच्या सक्तीच्या वर्गणीचा, घरटी महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही नसला तरी.

कामाचं म्हणाल तर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस करता येतं. २०२६ मध्ये किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. आठवड्याला दहा तास केले तर महिन्याला सहाशे येतात. भाडं आणि विमा निघतो, डोक्याला ताप होत नाही. वीस तास करून पेपर राहिलेली मुलंही आहेत, आणि पेपर राहणं हाच सगळ्यात महागडा खर्च. चार सेमिस्टरचा कोर्स पाच-सहा सेमिस्टर चालणं तिथे नवलाचं नाही. एक सेमिस्टर वाढलं की ९९२ प्रमाणे सहा लाख रुपये वाढले. शिवाय बहुतेक ठिकाणी एका पेपरला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालं की नाव काढतात आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही सहसा पुढे शिकता येत नाही. म्हणून कोर्स निवडताना तिथल्या सीनियरना विचारा, सरासरी किती सेमिस्टर लागतात. विद्यापीठाचं ब्रोशर हे सांगणार नाही.

इतर देशांचं थोडक्यात. ऑस्ट्रियात सरकारी विद्यापीठांची फी सेमिस्टरला ७२६.७२ युरो आहे. इटलीत घरच्या उत्पन्नावर फी ठरते आणि प्रादेशिक शिष्यवृत्ती मिळते, पण कागदपत्रांचं भाषांतर करून घेताना दमछाक होते. नॉर्वे फुकट आहे असं कोणी सांगितलं तर ते २०२३ आधीचं.

वेळापत्रक असं. ऑक्टोबरच्या सत्राला अर्जाची शेवटची तारीख बऱ्याच ठिकाणी १५ जुलै, पण इंग्रजी मास्टर्सची अनेकदा मार्च ते मेमध्येच संपते. त्याआधी एपीएसचं (मार्कशीट-डिग्री खऱ्या आहेत का ते तपासणारं जर्मन दूतावासाचं कार्यालय) प्रमाणपत्र हवं. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना ते सक्तीचं आहे आणि त्याला १८ हजार रुपये लागतात. सातव्या सेमिस्टरचा निकाल हातात पडला की त्याच आठवड्यात ते कागद दिल्लीला कुरिअर करा. आणि प्रवेशपत्राची मेल आली की पार्टीच्या आधी विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज भरा. तो विद्यापीठाच्या अर्जात नसतो, श्टुडीरेन्डनवेर्कच्या (वसतिगृहं आणि कॅन्टीन चालवणारी संस्था) साइटवर वेगळा भरायचा असतो.