खाडीच्या गाळातले जड धातू मोजताय? या चुका टाळा

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, समुद्र पाहायचा तर रात्रभर गाडीत बसा. तरी दरवर्षी दोन-चार पोट्टे एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी कोकणातल्या खाडीचा गाळ थैल्यांत भरून आणतात अन् त्याच त्याच चुका करतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो राजेहो.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे तुलना कशाशी करायची हेच न पाहणं. तुरेकियन अन् वेडेपोल या शास्त्रज्ञांचा १९६१ चा 'सरासरी शेल'चा (शेल म्हणजे चिखलापासून बनलेला खडक) तक्ता सगळ्यांना पाठ, तांबं ४५ पीपीएम (दहा लाख भागांत ४५ भाग), जस्त ९५, शिसं २०. एका पोराच्या गाळात तांबं १२८ आलं, यानं ठोकून दिलं 'प्रदूषण जवळपास तिप्पट', वर कारखान्यांना चार शिव्या. तेव्हा माझ्या वावरात विहिरीचं खोदकाम चालू होतं, पंधरा फुटांवरचा मुरूम आणला अन् म्हटलं हा पण लाव मोजायला, तसाच, त्याच ॲसिडात विरघळवून. आलं ११९! म्हटलं आता लिही, सरांच्या विहिरीत केमिकल फॅक्टरी आहे. अरे बावा, सह्याद्री काय अन् आपलं यवतमाळ काय, दोन्हीकडे तोच दख्खनचा बेसॉल्ट, त्या दगडातच तांबं १०० ते २०० पीपीएम असतं, नद्या तेच खाडीत नेऊन टाकतात. मी तरी कोअर (गाळात नळी खुपसून घेतलेला उभा नमुना) काढून कारखान्यांच्या आधीचा खालचा थर बॅकग्राउंड, म्हणजे मूळची पातळी, म्हणून धरतो अन् प्रत्येक आकडा ॲल्युमिनियमनं भागून पाहतो, म्हणजे बारीक माती कमी-जास्त असली तरी तुलना जमते. शिसं वाढलेलं दिसलं तर मात्र खुशाल संशय घ्या, बेसॉल्टमध्ये ते फार कमी असतं.

दुसरं, रेती अन् चिखल एका तराजूत तोलू नका. धातू चिकटतात बारीक कणांना, त्यामुळे किनाऱ्यावरची रेती 'स्वच्छ' अन् कांदळवनातला चिखल 'घाण' निघणारच, त्यात शोध कसला? ६३ मायक्रॉनच्या खालचा भागच घ्या. चाळणी नायलॉनची, पितळी नको, पितळ म्हणजेच तांबं आणि जस्त! तसंच पत्र्याच्या बादलीचं, तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो. एकानं अख्खी ट्रिप अशी वाया घालवली, जस्त आकाशाला भिडलं, चार दिवस पोट्टे खूश होते.

पारा मोजायचा असेल तर गाळ १०५ डिग्रीच्या ओव्हनमध्ये टाकू नका, उडून जातो. बाटल्या १० टक्के नायट्रिक ॲसिडात रात्रभर बुडवून ठेवा, नुसतं नळाखाली धरलं म्हणजे धुतलं असं नसतं.

अ‍ॅक्वा रेजियानं (नायट्रिक अन् हायड्रोक्लोरिक ॲसिडचं मिश्रण) गाळातलं सिलिकेट पूर्ण विरघळत नाही, अन् शेलचा तक्ता एकूण धातूचा, हे विसरून भागाकार करणारे तर पैशाला पासरी. पूर्ण विरघळवायला हायड्रोफ्लुओरिक ॲसिड लागतं, पण शिकवणारा जवळ नसेल तर त्या बाटलीला हातही लावू नका, ते कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत पोचतं.

अन् ब्लँक, म्हणजे गाळ न टाकता नुसत्या ॲसिडाचं सॅम्पल. एका दिवसात तीस सॅम्पल उरकायची घाई असली की पहिला बळी ब्लँकचाच जातो. मी दर दहा सॅम्पलमागे एक ब्लँक, एक डुप्लिकेट (तेच सॅम्पल दुसऱ्यांदा) लावतोच. पोरं म्हणतात, सर ॲसिड काहून वाया घालवता. जाऊ दे वाया.