पांतानालच्या पुराबरोबर हमिंगबर्ड कसे मोजावेत

ब्राझीलच्या पांतानाल या अफाट पाणथळ प्रदेशात जमिनीला उतार किलोमीटरमागे जेमतेम काही सेंटिमीटरचा. त्यामुळे ऑक्टोबर ते मार्चमध्ये पडलेलं पाणी दक्षिणेकडे सरकायला महिने घेतं. उत्तरेला पूर फेब्रुवारीच्या सुमारास भरतो, तर दक्षिणेकडच्या कोरुंबा शहराजवळ पराग्वे नदी बहुधा मे-जूनमध्ये सर्वांत फुगते. म्हणून हमिंगबर्ड, म्हणजे फुलांतला मकरंद पिणारे चिमुकले पक्षी, मोजायच्या फेऱ्यांच्या तारखा महिना बघून नव्हे, पाणी बघून ठरवा: चढताना, भरल्यावर, ओसरताना, आटल्यावर. चारही वेळा मोजणीचे बिंदू, म्हणजे थांबून पक्षी मोजायच्या जागा, तेच. प्रत्येक बिंदूवर सेंटिमीटरच्या खुणांची काठी रोवा. ती वाहून गेली, तरी खोडावरच्या गाळाच्या रेषेवरून पूर कुठवर चढला होता ते कळतं.

वाळूच्या उंचवट्यांवरचं जंगल, पुरात बुडणाऱ्या कांबारा झाडांच्या राया आणि गवताळ मैदान, तिन्हीकडे बिंदू सारखेच हवेत. उंचवटे मीटर-दोन मीटरचेच, पण तेवढ्यानेही झाडोरा बदलतो. हमिंगबर्डपैकी व्हाइट-टेल्ड गोल्डनथ्रोट ओल्या गवतात शोधा, हर्मिट झाडीच्या सावलीत. ट्रान्सपांतानेरा रस्त्यावरून मोजणं सोपं, पण फसवं: रस्ता भरावावर आहे आणि कडेच्या चरांत पाणी रेंगाळतं.

दोन बिंदूंत 200 मीटर अंतर, 25 मीटर त्रिज्या, प्रत्येकी 10 मिनिटं, सूर्योदयापासून तीन तास. पुरात होडी वल्ह्यांनीच न्या. मोटरच्या आवाजात हर्मिटची बारीक चिवचिव बुडते आणि नोंद खोटीच कमी येते. साखरपाण्याची भांडी टांगलेल्या लॉजपासून लांब राहा.

खरं काम फुलांचं. त्याच वर्तुळातली उमललेली फुलं मोजा. मोठ्या झाडाच्या तीन फांद्या मोजून सरासरीला एकूण फांद्यांनी गुणा. मकरंदासाठी आदल्या संध्याकाळी कळ्यांना जाळीची पिशवी बांधा, सकाळी केशनळीने मकरंद ओढून रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रवातली साखर मोजायचं उपकरण) तिचं प्रमाण पाहा. कॉम्ब्रेटम लान्सिओलाटम या वनस्पतीचा मकरंद जेलीसारखा घट्ट असतो, तिथे नळी चालत नाही. सरळ वजन करा. गुलाबी इपे या झाडाच्या फुलात चोच तोंडातून गेली की तळाच्या भोकातून, हेही लिहा. भोकातून मकरंद चोरणाऱ्याला परागवाहक समजू नका.

हे आकडे नसले, तर पुरात पक्षी घटले की ‘पुराने हाकलले’ असं वाटतं. इपे आणि कांबारा फुलतात साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये, पाणी उतरल्यावर, आणि पक्षी त्या फुलांमागे जातात. पूर ठरवतो तो कोणतं झाड कुठे तग धरेल हे. 2020 च्या वणव्यात जळालेले बिंदू मात्र वेगळ्या तक्त्यात ठेवा. तिथला फुलोरा आगीनेही बदललेला असू शकतो.